बायोस रीसेट केलं तर फोटो जातील का?

ए-४०२ काका: मंडळी, मदत हवी. काल संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, उगाच चाळे केले. आता चालू केला की काळ्या स्क्रीनवर 'नो बूट डिव्हाइस' एवढंच. आत 'लोड डिफॉल्ट्स' (मूळ सेटिंग्ज परत आणा) दिसतंय. दाबू का? नातवाचे फोटो उडायचे नाहीत ना?

बी-१०१ काकू: अजिबात हात लावू नका हो! माझा मोबाइल फॅक्टरी रीसेट केला तेव्हा सगळं साफ झालं होतं.

सी-३०३: काकू, ते वेगळं. मोबाइलचं रीसेट आतली माहितीच पुसतं. बायोसच्या सेटिंग्ज मदरबोर्डवर असतात, काकांचे फोटो डिस्कवर. फोटोंना धक्का लागत नाही. पण काका, थांबा. आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, साटा मोडचं (संगणक डिस्कशी कसा बोलतो ते ठरवणारं) पान तर हमखास. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा, रीसेटनंतर विंडोज ती मागू शकतं.

ए-४०२ काका: बिटलॉकर नाही. फोटो काढले, दोन हलले 😅 दाबतो.

ए-४०२ काका: एफ९, मग एफ१० ने सेव्ह. आता विंडोजचं चिन्ह येतंय, पण लगेच निळा स्क्रीन. 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

बी-१०१ काकू: सांगत होते.

सी-३०३: घाबरू नका, अर्धं काम झालंय, डिस्क सापडली. साटा मोड आत्ता काय आहे, आणि फोटोत काय होता?

ए-४०२ काका: आत्ता रेड. फोटोत... हा हललेलाच आहे. एएचसीआय वाटतंय.

सी-३०३: तोच करा. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असणार, रेडवर ते डिस्कशी बोलू शकत नाही.

ए-४०२ काका: आलं!! फोटो जिथल्या तिथे.

डी-२०२ ताई: आमचा डेस्कटॉप रोज तारीख विसरतो, ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो. रीसेट करू?

सी-३०३: नको ताई, त्याने काही होणार नाही. बोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय, बहुतेक सीआर २०३२, ३ व्होल्टचा. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, मुदत असते, घड्याळ मागे गेलं की ब्राउझर अडून बसतो. आधी प्लग काढा, मग सेल बदला. बऱ्याच बोर्डांवर सेल काढला की सेटिंग्जही डिफॉल्टवर जातात, तेव्हा तुम्हीही आधी फोटो काढा. न हलवता.

बी-१०१ काकू: मग माझ्या मोबाइलमधलं गेलेलं परत येईल का?

सी-३०३: काकू, फोन करतो तुम्हाला.