मायक्रोकंट्रोलरवर की तयार करायला एडीसीचा नॉइज पुरेल का?

लूपबॅक:
ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या छोट्या बोर्डवर टीएलएससाठी (नेटवर्कवरचा संवाद गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल) खासगी की, म्हणजे गुप्त किल्ली, तयार करायची आहे. चिपमध्ये हार्डवेअर आरएनजी (रँडम आकडे देणारा भाग) नाही. सध्या १२ बिटी एडीसीची (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) कशालाच न जोडलेली मोकळी पिन ३२ वेळा वाचतो, दर वेळी सगळ्यात खालचा बिट घेतो, त्या ३२ बिटांनी मर्सेन ट्विस्टर हा रँडम आकड्यांचा जनरेटर सीड करतो, म्हणजे त्याला सुरुवातीचा आकडा देतो, आणि त्यातून की काढतो. आउटपुटवर निस्टच्या (अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था) सांख्यिकी चाचण्या चालवल्या, सगळ्या पास. एवढ्यावर भागेल का?

नलपॉइंटर:
नाही भागणार. सीडच ३२ बिटांचं आहे. जनरेटर फोडायची गरजच नाही. सगळी मिळून सुमारे ४२९ कोटी सीड, प्रत्येकावरून की काढायची आणि तुमच्या सार्वजनिक कीशी ताडून बघायची. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमध्ये २००६ ते २००८ याच जातीचा घोळ होता: एका पॅचमुळे सीडमध्ये प्रोसेस आयडीपलीकडे फारसं काही उरलं नाही, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका आकाराच्या की जेमतेम ३२,७६८.

शिवाय मर्सेन ट्विस्टरची सलग ६२४ आउटपुटं हाती लागली की त्याची सगळी स्टेट (आतली स्थिती) परत मांडता येते, म्हणजे पुढचे आकडे आधीच कळतात. टीएलएसच्या हँडशेकमध्ये, म्हणजे जोडणी सुरू होताना, रँडम बाइट उघड जातातच.

चाचण्यांचं म्हणाल तर सगळे बिट शून्य असलेली की घेऊन एईएस या सायफरने १, २, ३ असे आकडे एन्क्रिप्ट करत बसा, की सगळ्यांना माहीत असूनही तेही पास होतील.

ओहममीटर:
मोकळ्या पिनवर माझा तरी भरवसा नाही. ती आसपासच्या वीजवाहिनीची गुणगुण पकडते, कधी एका टोकाला चिकटून बसते, आणि बाहेरून सिग्नल देऊन तिला वाकवताही येतं.

जे काही वापराल त्याची मिन-एन्ट्रॉपी (अंदाज बांधणं किती कठीण, याचं सगळ्यात सावध माप) मोजा, आणि तीही हॅश करण्याआधीच्या कच्च्या सॅम्पलवर. निस्टच्या ८००-९०बी या मानकाप्रमाणे १० लाख सलग सॅम्पल लागतात, शिवाय १,००० वेळा रीस्टार्ट करून दर वेळचे पहिले १,०००. रीस्टार्टचा भाग टाळू नका. बूट झाल्याझाल्या सगळे बोर्ड सारखंच बोलतात, हे तिथेच उघडं पडतं. समजा प्रति बिट ०.५ आली, तर खबरदारी म्हणून अर्धी, ०.२५ धरा. मग २५६ बिटांसाठी १,०२४ सॅम्पल. मी २,०४८ घेईन आणि सगळी एसएचए-२५६ या हॅश फंक्शनमधून काढेन.

नॉइज चालू असताना मेला तर कळायला हवं. ०.२५ धरलं की रिपिटिशन काउंट या त्याच मानकातल्या चाचणीची मर्यादा ८१ येते: तोच बिट सलग ८१ वेळा आला की आउटपुट बंद. इशारा छापून पुढे जाऊ नका.

लूपबॅक:
समजलं. मग मर्सेन ट्विस्टरच्या जागी काय? आणि दर बूटला थांबायला नको म्हणून सीड फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) ठेवलं तर?

नलपॉइंटर:
चाचा२० हा सायफर. ३२ बाइटची की, नॉन्स (कीसोबत द्यायचा आकडा) शून्य, एका वेळी ५१२ बाइट काढा. पहिल्या ३२ बाइटने जुनी की लगेच पुसून टाका, उरलेले ४८० वापरायला द्या आणि देताच बफरमधून खोडा. पुढे कधी मेमरी कोणाच्या हाती लागली तरी आधीच्या की काढता येत नाहीत. नवी एन्ट्रॉपी चिमूट-चिमूट मिसळू नका. स्टेट माहीत असलेला माणूस दर वेळी चार-आठ बिटांचा अंदाज बांधत सोबत चालत राहतो. २५६ बिट साठले की एकदम ओता.

फ्लॅशमधलं सीड चालेल, पण क्रम पाळा: वाचा, ताज्या सॅम्पलसोबत हॅश करा, त्यातून निघालेलं नवं सीड फ्लॅशवर लिहा, लिहिलं गेल्याची खात्री करा आणि मगच पहिला बाइट बाहेर द्या. उलट केलंत आणि मध्येच वीज गेली, तर पुढच्या बूटला तेच जुनं सीड. ताजी सॅम्पल कमी पडली की आउटपुटही तेच. अगदी पहिल्या बूटला मात्र पूर्ण २,०४८ सॅम्पलसाठी थांबाच. आणि फर्मवेअरच्या इमेजमध्येच सीड भाजलंत, तर सगळ्या बोर्डांचं सीड एकच.

ओहममीटर:
ईसीडीएसए ही डिजिटल सहीची पद्धत वापरणार असाल तर आणखी एक. इथे नॉन्स म्हणजे दर सहीला लागणारा नवा गुप्त आकडा. तो ठरावीक मर्यादेत आणायला मॉड्युलो लावू नका, म्हणजे भागून उरलेली बाकी घेऊ नका. एका बाइटला १० ने मॉड्युलो केलं तर ० ते ५ प्रत्येकी २६ वेळा येतात, ६ ते ९ फक्त २५ वेळा. नॉन्समध्ये असा कल असला आणि पुरेशा सह्या जमल्या की खासगी की निघू शकते. मर्यादेबाहेरचा आकडा टाकून द्या आणि नवा घ्या, किंवा सरळ आरएफसी ६९७९ या मानकातली पद्धत वापरा. त्यात नॉन्स की आणि संदेशावरून निघतो, रँडम लागतच नाही.