नाही म्हटलं, मेसेजही पुसून टाकले. तरी कळवावं लागतं का?

डावरा_स्विंग:
मंडळी, विषय नाजूक आहे म्हणून नवीन आयडी काढलाय.

मी लीग क्रिकेट खेळतो, डावखुरा मध्यमगती. या हंगामात एक गृहस्थ ओळखीचे झाले. सरावाला जाळीमागे उभे असायचे, क्रीडासाहित्याच्या धंद्यात आहे म्हणायचे. एकदा बुटांचा जोड आणून दिला. साडेनऊ नंबर, उजव्या बुटाला अंगठ्यापाशी भोक आधीच पाडलेलं. चेंडू टाकताना माझा तोच पाय जोरात आपटतो, म्हणून मी प्रत्येक नव्या जोडाला तिथे भोक पाडतो. मी त्यांना नंबरही सांगितला नव्हता, भोकाचं तर सोडाच. तेव्हा वाटलं, केवढं बारीक लक्ष आहे माणसाचं!

बारा दिवसांपूर्वी मेसेज आला, 'उद्या पहिली ओव्हर तूच ना?' मी गप्प. रात्री दुसरा, 'तिसऱ्या ओव्हरमध्ये एक वाइड, बाकी मॅच तुझी.' मी 'जमणार नाही, परत विचारू नका' एवढं लिहिलं, चॅट पुसली आणि नंबर ब्लॉक केला. मॅच नेहमीसारखी खेळलो, दोन विकेट मिळाल्या.

रूममेटला सांगितलं. तो म्हणतो, नाही म्हणालास ना, विषय संपला. उगाच बोललास तर उद्या प्रत्येक वाइडला लोक तुझ्याकडे बघतील. खरंच संपला का विषय? बूट अजून वापरतोय, आज सकाळीही तेच होते.

जुना_स्कोअरर:
बारा दिवस झालेत ना? तेरावा उजाडू देऊ नका.

नाही म्हणालात हे उत्तमच, पण ते अर्धंच काम. क्रिकेटच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत असा प्रस्ताव आल्याचं विनाकारण उशीर न करता कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा. बांगलादेशच्या शाकिब अल हसनचं आठवा. 2019 मध्ये आयसीसीने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, त्यातलं एक वर्ष स्थगित. मॅच फिक्स केल्याचा आरोपच नव्हता. बुकीने संपर्क केला आणि याने सांगितलं नाही, एवढंच. त्या प्रकरणात पुसलेल्या मेसेजचाही उल्लेख आहे, म्हणजे पुसलं की गेलं असं काही नसतं.

आणि झिम्बाब्वेचा ब्रेंडन टेलर. त्याने स्वतःहून सांगितलं, पण काही महिन्यांनी, शिवाय मधल्या काळात 15,000 डॉलर घेऊन बसला होता. 2022 मध्ये साडेतीन वर्षं बाहेर. तुमचे पैसे नाहीत पण बूट आहेत. भेटवस्तूचंही सांगायचं असतं.

माझं स्वतःचं सांगतो. स्कोअरिंग करायचो तेव्हा एकाने टॉसच्या आधी अकरा जणांची यादी विचारली होती, गप्पा मारता मारता. दिली नाही, पण कळवायला दोन दिवस लावले. अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, 'दोन दिवस का लागले?' मला उत्तर सुचेना. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं हे मला आजतागायत माहीत नाही, पण ते पेन अजून दिसतं.

आता कामाचं. कॅप्टनला किंवा मॅनेजरला सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. तुमच्या स्पर्धेचा जो नेमलेला भ्रष्टाचारविरोधी अधिकारी असेल त्यालाच सांगायचं. हंगामाच्या सुरुवातीला माहिती देतात तेव्हा त्याचा नंबर दिलेला असतो (आपण सगळे तेव्हा मागच्या बाकावर मोबाइल बघत असतो, ते वेगळं). फोन रीसेट करू नका, त्या माणसाला अनब्लॉक करून जाब विचारायला जाऊ नका. मेसेजचे शब्द आठवतील तसे आजच कागदावर उतरवा. चॅट पुसली हेही आपणहून सांगा. बूट पिशवीत घाला, पुसू नका.

कडू_काढा:
सल्ला द्यायला काय जातंय? सांगणाऱ्याचं काय होतं ते रशियाच्या स्टेपानोव्ह नवरा-बायकोला विचारा. विताली तिथल्या डोपिंगविरोधी संस्थेत होता, 2010 पासून वाडाला, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेला, ईमेल पाठवत होता. हललं काय? शेवटी 2014 मध्ये जर्मन टीव्हीवर रशियातलं डोपिंग बाहेर आलं. दोघांना देश सोडावा लागला. बायकोला, धावपटू युलियाला, वर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये धावूही दिलं नाही, का तर तिने स्वतः पूर्वी डोपिंगची शिक्षा भोगली होती. रूममेट शहाणा आहे.

जुना_स्कोअरर:
काढा, तुमचं खोटं नाही. पण तेव्हा वाडाला स्वतः चौकशी करायचा अधिकारच नव्हता, तो 2015 च्या डोपिंगविरोधी संहितेने आला. आणि 2021 च्या संहितेत तक्रार करणाऱ्याला धमकावणं किंवा त्याचा सूड घेणं हाच गुन्हा ठरवला. ते डोपिंगपुरतं आहे, मान्य. त्याने सगळ्या जखमा भरतात असंही नाही.

पण डावऱ्यापुढे 'सांगू की नको' असे दोन रस्ते कुठे आहेत? गप्प बसला तर तोच दोषी. आणि शहाणा रूममेट? दुसऱ्या खेळाडूला आलेला प्रस्ताव माहीत असून लपवणं हेही नियमात येतं. तोही लीगमध्ये खेळत असेल, तर तुम्ही त्याला सांगितलंत त्या रात्रीपासून तोही अडकलाय. त्याला हे वाचायला द्या.

डावरा_स्विंग:
केला फोन. चाळीस मिनिटं. 'बारा दिवस का?' हा प्रश्न तिसराच होता, त्याआधी नाव आणि टीम. खरं ते सांगितलं, घाबरलो होतो. फोन उद्या तपासायला नेणार आहेत. बुटांचं ऐकल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, भोक कुठे आहे ते परत सांगा.

रूममेट आधी चिडला, मग त्याने माझ्याकडून नंबर घेतला. आत्ता बाहेर पॅसेजमध्ये बोलतोय.

उद्या सरावाला जुने बूट. त्यांचा तळ गेलाय.