भाड्याने द्यायला फ्लॅट घेतेय, जरा हिशेब बघता का?

मी: भाड्याने द्यायला एक छोटा फ्लॅट घ्यायचं जवळजवळ ठरलंय. एजंट म्हणतो भाड्यातून हप्ता आरामात निघेल. उद्या टोकन द्यायचंय. माझं काही चुकत नाहीये ना?

काका: घे बिनधास्त. जागेत पैसा बुडत नाही. आमची जागा १५ वर्षांत दुप्पट झाली.

आत्या: टोकन उद्या देऊ नकोस गं. आधी आकडे टाक. किंमत १०० धर. त्यात तुझे किती, कर्ज किती, व्याज किती, वर्षाचं भाडं किती?

मी: माझे २०, कर्ज ८०. ९ टक्के, २० वर्षं. भाडं वर्षाला ४ येईल म्हणाला.

आत्या: ८० च्या कर्जाला ९ टक्क्यांनी वर्षाचे हप्ते होतात साधारण ८.६. भाडं ४. म्हणजे "भाड्यातून हप्ता" इथेच संपलं. आता त्या ४ मधून वजा कर. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले ८ टक्के गेले. मेंटेनन्स, मालमत्ता कर, विमा, रंग, नळ, गळती यांना १ तरी धर. हातात उरतात २.७ च्या आसपास. उरलेले ६ दरवर्षी तुझ्या पगारातून जाणार. तीन वर्षं चार महिन्यांत तू आणखी २० भरलेले असतील, म्हणजे सुरुवातीला घातलेस तेवढेच पुन्हा.

मी: बाप रे. हे असं मांडलंच नव्हतं.

आत्या: पहिल्या हप्त्यात १०० पैकी ८३ नुसतं व्याज असतं, मुद्दल जेमतेम १७. आणि दर बदलता असेल तर ९ चे १० झाले की, मुदत तीच ठेवली तर, हप्ता ७ टक्क्यांनी वाढतो. भाडं लगेच तेवढं वाढवता येत नाही.

काका: अगं, पण किंमत वाढते त्याचं काय?

आत्या: काका, १५ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के पडतात. तुमचं कर्ज लवकर फिटलं होतं, म्हणून तुम्हाला व्याजाचं ओझं जाणवलं नाही. हिची गोष्ट वेगळी. हिचे २० आणि बँकेचे ८०. किंमत १० टक्के उतरली तर बँकेचे ८० तसेच राहतात, हिचे २० चे १० होतात. १० टक्के वाढली तर हिचे २० चे ३० होतात, ते खरंय. पण तो दिवस येईपर्यंत हप्ते भरत टिकून राहायला हवं ना.

काका: हे बरोबर आहे. शिवाय अडचण आली तर एकच खोली विकून पैसे काढता येत नाहीत.

आत्या: म्हणूनच म्हणते, सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये ओतू नकोस. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली हे त्या २० च्या वर लागतात. तेवढं करून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला राहत असतील तरच पुढे जा.

वहिनी: आणि वकील आपला बघ हं, विकणाऱ्याने सुचवलेला नको. मालकी कुणाकुणाच्या हातून आली, जागेवर जुनं कर्ज किंवा दावा आहे का, हे त्यानेच तपासायचं. भाडेकरू आला की लेखी करार कर आणि चावी देण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढ. मी काढले नव्हते. डिपॉझिट परत करताना दोन महिने वाद चालला.

मी: मग घेऊच नको का?

आत्या: असं नाही म्हणत. भाव खाली आण किंवा आणखी लहान जागा बघ, म्हणजे कर्ज ८० ऐवजी ५० वर येईल. आणि भाड्याचा आकडा एजंटला विचारू नकोस, व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात. त्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या दोघा-तिघांना विचार. संध्याकाळी जा, लोक घरी असतात. पाणी किती वेळ येतं, लिफ्ट कितीदा बंद पडते, तेही तेच सांगतील.

मी: एजंटला आत्ताच कळवलं, उद्या टोकन देत नाही. मागच्या दोन वर्षांच्या मेंटेनन्सच्या पावत्या मागितल्यात. शनिवारी संध्याकाळी तिथे जाऊन येते. वहिनी, तू येशील का सोबत?

वहिनी: येते. सहाला निघू.