मदत हवी आहे: गोल्डन स्पाइक पार्क (युटा), 10 मेला गुडघे दुखणाऱ्या बाबांसोबत

10 मे 1869 ला याच पार्कच्या जागी, प्रॉमंटरी समिटला, सॅक्रामेंटोकडून आलेली सेंट्रल पॅसिफिक आणि ओमाहाकडून आलेली युनियन पॅसिफिक या दोन कंपन्यांची रेल्वेलाइन एकत्र जोडली गेली. त्या दिवसाचा वार्षिक सोहळा बाबांना दाखवायचाय. ते रेल्वेत गँगमन होते, वय 74, सपाटीवर काठी घेऊन दहा मिनिटं चालतात, चढ जमत नाही.

पार्कची वेबसाइट वाचली, फोनही केला. 'ज्युपिटर' आणि '119' या इंजिनांच्या प्रतिकृती चालवतात, हे समजलं. रूळ जोडल्याच्या समारंभात वापरलेला खरा सोन्याचा खिळा तिथे नाही, स्टॅनफर्डच्या संग्रहालयात आहे, तेही बाबांना सांगून ठेवलंय.

पण त्यांना खिळ्यापेक्षा 'एका दिवसात दहा मैल' ही पाटी बघायचीये. 28 एप्रिल 1869 ला सेंट्रल पॅसिफिकने दहा मैलांहून थोडा जास्तच रूळ टाकला. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश कामगारांची नावं जपली गेली, हजारो चिनी मजुरांची नाहीत. हे ऐकल्यापासून बाबा तिथे उभं राहायचंच म्हणून बसलेत, आणि मलाही ते मनापासून पटतं.

हातात तो एकच दिवस आहे. सॉल्ट लेक सिटीहून भाड्याच्या साध्या सेडानने जाणार, व्हीलचेअर नाही.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा: पाटीकडे जाणाऱ्या जुन्या रूळमार्गाच्या कच्च्या रस्त्यावर सेडान जाते का? गाडीतून उतरल्यावर पाटीपर्यंत किती चालावं लागतं? आणि सोहळ्याला बसायला खुर्च्या असतात, की आपल्याच न्यायच्या?