नाथसागराचा उत्तर काठ

दादा, मराठवाड्याला समुद्र नाही म्हणून तंबू बांधून काठाकाठानं एकट्यानं गाडीवर फिरता येत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. पैठणहून कायगावकडे नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, उत्तर अंगानं गाडी काढा. ऊस, वस्त्या आणि मधूनच डावीकडे नजर पोचेल तिथवर पाणी.

जपायचं ते काळ्या मातीला. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर, म्हणजे गाळावरची पेरणी, होते. वरून भेगाळलेली, खडखडीत दिसते, पण खाली चिखल ओलाच असतो. साइड स्टँड बघता बघता आत जातो न् गाडी आडवी. सामानानं लादलेली गाडी एकट्यानं उचलताना जीव निघतो. स्टँडखाली चपटा दगड ठेवाच, शक्यतो गाडी वर मुरमाडावरच लावा.

१९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीशिवाय पाण्यालगत मुक्काम नको, चूल तर नकोच. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब हे रानहंस इथं उतरतात. इतक्या लांबून आलेल्या पाखरांना सायलेन्सरच्या आवाजानं उडवलेलं मला बघवत नाही. तंबू वस्तीजवळ, शेतमालकाला विचारून लावा. दिवस मावळायच्या आत पोचलात तर विचारायला माणूस भेटतो.