पुणे ते केप टाउन : स्वतःची गाडी जहाजाने न्यावी की तिकडेच भाड्याने घ्यावी?

सह्यवाटा (प्रश्न)

आम्ही पती-पत्नी, वय ५२ आणि ४९, पुण्यात राहतो. २०२३ साली घेतलेली डिझेलवरची टोयोटा हायलक्स आमच्याकडे आहे आणि तिने लडाख, स्पिती व कच्छ असे तीन मोठे प्रवास विनातक्रार केले आहेत. पुणे ते लंडन हा आमचा मूळ बेत होता. परंतु म्यानमारमधील २०२१ च्या लष्करी उठावानंतर मणिपूरच्या सीमेवरील मोरे गावाहून पूर्वेकडे जाणारी वाट भरवशाची राहिलेली नाही, पाकिस्तानातून जाण्याचा प्रश्नच नाही, आणि चीनमधून परदेशी गाडी न्यायची तर सीमेपासून सीमेपर्यंत तिथला वाटाड्या, तात्पुरती नंबरप्लेट आणि तात्पुरता परवाना एवढे सगळे घ्यावे लागते. त्यामुळे तो बेत सोडून आम्ही आफ्रिकेचा विचार करू लागलो आहोत. कैरोपासून खाली उतरण्याचा मार्ग २०२३ पासून सुदानातील युद्धामुळे तुटला आहे. म्हणून न्हावा शेवा बंदरातून गाडी मोंबासाला पाठवावी आणि केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबियामार्गे केप टाउन गाठावे, असे ठरत आहे. हे सगळे देश आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवणारे आहेत, ही आम्हाला मोठी सोय वाटते. हाताशी चार महिने आहेत.

कार्नेटसाठी (जकात न भरता गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या कागदपत्रासाठी) द्यावी लागणारी बँक हमी, बीएस-६ (भारत स्टेज ६ प्रदूषण मानकाच्या) इंजिनाला तिकडचे डिझेल मानवेल की नाही, आणि कोणत्या महिन्यात निघावे, या तीन गोष्टींवर आम्ही अडलो आहोत. छपरावरचा तंबू घ्यावा, असा माझा आग्रह आहे. सौभाग्यवतींचा त्याला विरोध आहे. स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जकातनाका (उत्तर)

मी याच मार्गाने स्वतःची गाडी नेली आणि परत आणली आहे. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट, असे सगळे सांगतात. पण माझ्या मते ते गाडीचे जामीनपत्र आहे. आपण गाडी त्या देशात विकणार नाही आणि ठरलेल्या मुदतीत बाहेर काढू, याची हमी त्यातून दिली जाते. म्हणूनच ते देणारी संस्था, आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, गाडीच्या किमतीच्या आणि देशांच्या यादीच्या हिशेबाने बँक हमी मागते. बहुतेक जण त्यासाठी मुदतठेव गहाण ठेवतात. कार्नेट एका वर्षासाठी असते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आधी मिळवा, कारण त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून सहज मिळतो, मात्र त्याचीही मुदत एक वर्षच असल्याने तो फार लवकर काढून ठेवू नका.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग फाडून घेतला जातो, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्ही शिक्के असलेली स्थळप्रत आपल्याकडे राहते. बाहेर पडण्याचा शिक्का राहिला तर हमीची रक्कम अडकते. केनिया-टांझानिया सीमेवरील नामांगासारख्या संयुक्त नाक्यांवर दोन्ही देशांची कार्यालये एकाच इमारतीत असतात, आणि सोडून आलेल्या देशाचे काम सीमा ओलांडल्यानंतर, पलीकडच्या बाजूच्या इमारतीत करायचे असते. पासपोर्टवर दोन्ही शिक्के पडले की काम संपले, असे वाटते. एका नाक्यावर माझे तसेच झाले. १४० किलोमीटर पुढे जेवायला थांबल्यावर कार्नेट उघडले, तेव्हा बाहेर पडण्याची जागा कोरी दिसली आणि निमूटपणे मागे फिरावे लागले. चूक माझीच होती. दक्षिणेत मात्र हा त्रास कमी होतो. बोत्स्वाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका हे एकाच जकात संघात असल्यामुळे झांबिया-बोत्स्वाना सीमेवरील काझुंगुला येथे आत येण्याचा शिक्का घ्यायचा, आणि बाहेर पडण्याचा शिक्का थेट डर्बन किंवा केप टाउनच्या बंदरात. काझुंगुलाला पूर्वी झांबेझी नदी तराफ्यावरून ओलांडावी लागे. २०२१ पासून तिथे पूल झाला आहे.

विम्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आपल्या भारतीय पॉलिसीची हद्द जादा हप्ता भरून वाढवली, तरी ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजाऱ्यांपुरतीच वाढते. आफ्रिकेत ती निरुपयोगी आहे. केनियात ‘यलो कार्ड’ नावाचा तृतीय पक्ष विमा घ्या, तो टांझानिया आणि झांबियातही चालतो. नामिबिया व दक्षिण आफ्रिकेत इंधनाच्या किमतीतूनच अपघात निधी जमा होतो, परंतु त्यातून केवळ माणसांना झालेल्या इजेची भरपाई मिळते, समोरच्या गाडीच्या नुकसानीची नाही. जाता जाता एक गंमत सांगतो : स्वाहिलीत विम्याला ‘बिमा’ आणि मोटारीला ‘गारी’ म्हणतात, त्यामुळे नाक्यावरचा निम्मा संवाद आपल्याला आपोआप कळतो.

काळेतेल

माझे गॅरेज आहे, तेव्हा मी इंजिनापुरतेच लिहितो. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत जास्तीत जास्त १० भाग असते. केनिया आणि टांझानियात २०१५ पासून ही मर्यादा ५० आहे. पुढे दक्षिणेत काही पंपांवर ५० चे आणि ५०० चे अशी दोन्ही प्रतींची डिझेले शेजारी-शेजारी विकली जातात, आणि न विचारता टाकी भरली तर स्वस्त, म्हणजे जास्त गंधकाचे डिझेल पडण्याची शक्यता असते. ५० च्या डिझेलने चार महिन्यांत इंजिन बिघडणार नाही. ५०० चे डिझेल वारंवार भरले, तर धूर साफ करणाऱ्या यंत्रणेतील उत्प्रेरकाची क्षमता घटते आणि इंजिन ऑइलमधील आम्लरोधक घटक लवकर संपतात. म्हणून ऑइल दर ५,००० किलोमीटरला बदला आणि डिझेल फिल्टरचे किमान तीन संच सोबत ठेवा. सुदैवाने हायलक्स हीच तिकडची सर्वाधिक ओळखीची गाडी आहे आणि सुटे भाग लहान गावातही मिळतात. पण आपल्या इंजिनाचा उपप्रकार तिथल्यापेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून सेन्सर आणि इंजेक्टरचे भाग क्रमांक इथूनच लिहून न्या.

याहून गंभीर धोका वाळलेल्या गवताचा आहे, आणि त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. बोत्स्वानात दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर कमरेएवढे गवत वाढते. गाडी त्यावरून गेली की ते सायलेन्सरच्या वरच्या पोकळीत अडकून बसते. धुरातली काजळी अडवणारी गाळणी साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करते त्या वेळी तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते, आणि अडकलेले गवत पेट घेते. अशा वाटेवर दर अर्ध्या तासाने उतरून खाली वाकून पाहा, तारेच्या आकड्याने गवत ओढून काढा, आणि अग्निशामक सामानाखाली न पुरता हाताशी ठेवा. रेडिएटरसमोर बारीक जाळी बांधली नाही, तर गवताच्या बिया त्यात भरून इंजिन तापते.

टायरमधली हवा कमी करण्याबाबत आपल्याकडचे लोक विनाकारण कंजुषी करतात. नामिबियाचे मुरमाड रस्ते दिसायला गुळगुळीत असतात, परंतु त्यांवर पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या असतात आणि पूर्ण हवेवर गाडी अक्षरशः उडत जाते. मुरमावर हवा थोडी कमी करा, खोल वाळूत निम्म्यावर आणा, आणि डांबरावर आल्याबरोबर पुन्हा भरा. वेग ८० च्या आत ठेवा. तिथे परदेशी पाहुण्यांच्या गाड्या उलटतात त्या प्राण्यांमुळे कमी आणि वळणावर ऐनवेळी दाबलेल्या ब्रेकमुळे जास्त.

जोबर्गमधला देशस्थ

मी गेली अठरा वर्षे जोहान्सबर्गला राहतो. प्रश्नकर्त्यांचा बेत चांगला आहे, मात्र चार महिन्यांत जहाजाचे दिवस धरलेले नसावेत, अशी आशा आहे. समुद्रावरचा प्रवास लहान असतो. दोन्ही बंदरांतली कागदपत्रे किती दिवस घेतील, याचा नेम नसतो. दोन महिन्यांहून कमी वेळ असता, तर नामिबियाची राजधानी विंडहुक किंवा जोहान्सबर्गहून तंबू, फ्रिज आणि दोन टाक्यांसह सज्ज हायलक्स भाड्याने घ्या, असे मी ठामपणे सांगितले असते. चार महिन्यांसाठी स्वतःची गाडी परवडते, असे माझे मत आहे, अर्थात बँकेत अडकलेल्या रकमेने झोप उडत नसेल तर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मोंबासाहून निघा. पूर्व आफ्रिकेतला मार्च ते मेचा मोठा पाऊस तोवर ओसरलेला असतो. जुलैत झांबिया, ऑगस्टमध्ये बोत्स्वाना, सप्टेंबरमध्ये नामिबिया आणि महिन्याच्या अखेरीस केप, असा क्रम लावा. केप टाउनचा पाऊस हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये पडतो, म्हणजे आपण पोहोचाल तेव्हा तिथे वसंत सुरू झालेला असेल. उलट दिशेने आलात, तर केपला भर पावसात निघाल आणि पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लहान पावसात सापडाल.

टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी नोंदणीच्या जड गाडीला स्थानिक गाडीच्या कितीतरी पट शुल्क पडते. सेरेंगेटीसाठी आपली गाडी अरुशाला ठेवा आणि तिथली गाडी चालकासह घ्या. त्याला प्राणी दिसतात, आपल्याला फक्त गवत दिसते. पुढे मिकुमी उद्यानातून हमरस्ताच जातो, तेव्हा हत्ती आणि जिराफ फुकट दिसतील, मात्र तिथली वेगमर्यादा कसोशीने पाळा. टांझानिया-झांबिया सीमेवरील टुंडुमाच्या नाक्यावर तांबे वाहणाऱ्या ट्रकांची कित्येक किलोमीटर रांग लागलेली असते. ती मालगाड्यांची रांग आहे, खासगी मोटारीने तिच्यात उभे राहायचे नसते. पहिल्या वेळी मी दीड तास उभा होतो.

बोत्स्वाना आणि नामिबियात जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या रोगामुळे मोठी कुंपणे घातलेली आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चे मांस नेता येत नाही, आणि काही ठिकाणी चपला-बुटांसह औषधी पाण्यात पाय बुडवावे लागतात. केनिया आणि टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, त्यामुळे चिवडा, शेव आणि मेतकूट डब्यांत भरून आणा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिचा दाखला केनियाहून टांझानियात शिरताना लागतो आणि भारतात परततानाही मागितला जाऊ शकतो.

सह्यवाटा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल टेप घेऊन मोजमाप केले. कॅरिअर आणि मिटलेला तंबू धरून गाडीची उंची २३४ सेंटिमीटर होते, आणि साध्या वीस फुटी कंटेनरच्या दाराची उंची साधारण २२८ सेंटिमीटर असते, असे क्लिअरिंग एजंटने सांगितले. म्हणजे तंबू काढून मागच्या हौद्यात ठेवावा लागेल आणि मोंबासाच्या उकाड्यात तो पुन्हा चढवावा लागेल, हे ऐकून सौभाग्यवतींनी जमिनीवरच्या तंबूचा आग्रह दुप्पट केला आहे. ऑगस्टमध्ये बोत्स्वानातल्या रात्री किती थंड असतात आणि जमिनीवरच्या तंबूभोवती तरस येतात का, हे जोबर्गच्या मित्रांनी कृपया सांगावे.

जोबर्गमधला देशस्थ

पहाटे पारा शून्याच्या जवळ जातो, तेव्हा चांगल्या प्रतीची स्लीपिंग बॅग आणा. तरस येतात. चेन पूर्ण लावलेला तंबू ते सहसा फाडत नाहीत, पण बाहेर ठेवलेले बूट आणि कुकर नक्की नेतात. त्यामुळे रात्री दोन्ही गोष्टी गाडीत ठेवाव्यात आणि अंधार पडल्यावर तंबूतून बाहेर पडू नये.