मदत हवी आहे : लोडमध्ये घाट चढताना गाडी ओढत नाही, काळा धूरही नाही. पंप उतरवू का?

गोदाकाठ_ट्रान्सपोर्ट :

राम राम मंडळी. बारा टायर गाडी आहे, २०१८ चं मॉडेल, बीएस-४, सहा सिलिंडर, कॉमन रेल (पंप एका नळीत जोराच्या प्रेशरने डिझेल भरतो, तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात), टर्बो-इंटरकूलर. कोपरगावहून साखर भरून न्हावाशेवाला जाते आणि परतीला मिळेल तो माल घेऊन कसारा चढते. धाकटा भाऊ चालवतो.

रिकामी गाडी एकदम झकास पळते. भरलेली गाडी सपाटीवरही ठीक, फक्त टॉप गिअरमध्ये थोडी जड वाटते. खरी अडचण घाटात. ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला असताना आरपीएम हळूहळू उतरत जातो, गिअर टाकला तरी दम धरत नाही. चेक लाईट लागते. भाऊ गाडी बाजूला घेतो, बंद करतो, थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केली की काही अंतर व्यवस्थित ओढते आणि मग पुन्हा तेच. मागे ट्रॅफिक, अंगावर लोड, त्यात घाटाचं वळण. मला घरी बसून झोप लागत नाही.

स्कॅनर लावला तर पी००८७ निघाला, म्हणजे रेल प्रेशर कमी. डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे टाकले, एअर फिल्टर नवा, टर्बोला प्ले (ढिलेपणा) नाही, इंटरकूलरचे होज आणि क्लिपा तपासल्या. युरिया चांगल्या पंपावरचाच भरतो, त्याची लाईट कधी लागली नाही. आता फिटर म्हणतो हाय प्रेशर पंप गेला, उतरवून लॅबला पाठवू. खर्च मोठा आहे आणि गाडीचे हप्ते चालू आहेत. पंप उतरवण्याआधी आणखी काय बघता येईल? जाणकारांनी कृपया सांगा.

घाटमाथा :

ॲक्सिलेटर दाबल्यावर आरपीएम वाढतो पण गाडी वाढत नाही, असं होतं का? तसं असेल तर क्लच घसरतोय. आणि घाट चढून थांबल्यावर सगळ्या ड्रमजवळ हात नेऊन बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर ब्रेक धरतोय. इंजिनाला दोष देण्याआधी या दोन गोष्टी बघून घ्या, फुकटात होतात.

गोदाकाठ_ट्रान्सपोर्ट :

नाही दादा, आरपीएम आणि वेग दोन्ही सोबतच पडतात. ड्रम सगळे सारखेच, भावाने बघितले.

पंप_नोझलवाला :

दादा, पंप उतरवू नका. आधी माझं सगळं वाचा.

तुम्ही लिहिलंय की काळा धूर नाही. तिथेच निम्मं उत्तर आहे. टर्बोचा होज फाटला किंवा हवा कमी पडली तर आत डिझेल जास्त होतं आणि सायलेन्सर काळं ओकतो. नव्या गाड्यांत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल कापतो म्हणून धूर थोडा कमी दिसेल, पण लोडमध्ये दिसतोच. तुमच्याकडे धूर नाही, ताकदही नाही आणि कोड रेल प्रेशरचा. म्हणजे इंजिनाला डिझेल कमी पडतंय. एक्झॉस्ट ब्रेकचं फुलपाखरू (धुराच्या वाटेतली झडप) अर्धवट बंद राहूनही गाडी अशीच दबते, ते हाताने हलवून बघा, पण त्याने पी००८७ येणार नाही.

आता पी००८७ चा अर्थ नीट समजून घ्या. कोड एवढंच सांगतो की रेलमध्ये हवं तेवढं प्रेशर बनलं नाही. पंप खराब आहे असं तो म्हणत नाही. पंपाला मागून डिझेलच मिळालं नाही तर तो बिचारा बनवणार काय? आमच्याकडे टेस्ट बेंचवर येणारे कितीतरी पंप चांगले निघतात. मालकाचा खर्च होतो, गाडी उभी राहते, आणि पंप परत बसवला की घाटात तेच रडगाणं.

बंद करून थांबल्यावर गाडी पुन्हा ओढते, हा दुसरा धागा. झिजलेला पंप थांबल्याने बरा होत नाही. चावी बंद-चालू केल्यावर ईसीएमने कापलेली ताकद परत येते हे खरं, पण लगेच पुन्हा घाटच असूनही काही अंतर नीट ओढते म्हणजे सक्शनमध्ये (टाकीतून डिझेल ओढायच्या वाटेत) काहीतरी अडतंय आणि ओढ थांबली की ते सुटतंय. टाकीतला गाळ जाळीला चिकटणं, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजणं, किंवा रबरी पाईप आतून सुटणं. यातलं काहीतरी असणार.

पुढच्या वेळी गाडी बसली की पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडायला सांगा. सुस्स करून हवा आत गेली तर झाकणच चोर. तसं नसेल तर फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा) आधी पारदर्शक पाईपचा तुकडा टाका आणि बुडबुडे बघा. लक्षात ठेवा, सक्शनची गळती बाहेर थेंब टाकत नाही, ती हवा आत ओढते. पाईप कोरडा दिसतो म्हणून चांगला समजू नका.

सगळ्यात पक्की चाचणी कॅनची. केबिनच्या मागे, सायलेन्सरपासून लांब, डिझेल भरलेला कॅन घट्ट बांधा. सक्शन आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत आणणारा), दोन्ही पाईप त्यातच सोडा. रिटर्न टाकीत राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होईल. त्यावर गाडी लोडमध्ये चढवा. ओढली, तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये. नाही ओढली, तर इंजेक्टरचं रिटर्न बाटल्यांत मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा खूप जास्त परत सोडत असेल तर प्रेशर तिथे जातंय. रेलचा रिलीफ व्हॉल्व्हही (जादा प्रेशर सोडणारा) बघा. पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी.

आणि हे जुन्या मिस्त्र्यांसाठी कळकळीने सांगतो : चालू इंजिनावर नोझलचा पाईप ढिला करून सिलिंडर ओळखायची सवय कॉमन रेलवर अजिबात नको. या सिस्टीममध्ये प्रेशर १६०० बारपर्यंत जातं. बारीक धार कातडी फोडून आत शिरते, बाहेरून नुसता ठिपका दिसतो आणि बोट कापायची वेळ येते. तसं झालंच तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

वऱ्हाडी_चालक :

टाकी अर्ध्याच्या खाली गेली की जास्त होतं का? आमच्या गाडीत टाकीतल्या सक्शन पाईपलाच वरच्या बाजूला बारीक चीर होती. फुल टाकीत ती डिझेलमध्ये बुडलेली राहायची, खाली आली की हवा घ्यायची. आणि भाऊ, हायवेला स्वस्तात ‘बायोडिझेल’ म्हणून जे विकतात ते कधी भरलं का? त्याने रबर फुगते, गाळ होतो.

गोदाकाठ_ट्रान्सपोर्ट :

टाकी कितीही असो, त्रास सारखाच. बायोडिझेल आम्ही नाही भरत. उद्या कॅन लावतो.

गोदाकाठ_ट्रान्सपोर्ट :

मंडळी, सापडलं. झाकण उघडलं तर हवा ओढल्याचा आवाज नव्हता. पारदर्शक पाईपमध्ये बुडबुडाही नाही. मग कॅनवर गाडी भरून कसाऱ्याला नेली. अख्खा घाट चढली, स्कॅनरवर मागणी आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर शेवटपर्यंत हातात हात घालून.

मग टाकीपासून वॉटर सेपरेटरपर्यंतचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करतो तो) रबरी पाईप काढला. बाहेरून अगदी नवा दिसत होता, दाबला तरी टणक. पंप_नोझलवाला साहेबांनी आतून सुटण्याचं लिहिलं होतं म्हणून ब्लेडने उभा चिरला. आतला काळा थर बोटभर लांब सुटून लोंबत होता, एका टोकाने चिकटलेला. घाटात जोराची ओढ लागली की तो थर उठून वाट बंद करायचा, इंजिन बंद केलं की परत खाली बसायचा. मागे रस्त्यात एकाने साधा पाईप टाकून दिला होता, डिझेलचा नव्हता.

डिझेलचा चांगला पाईप टाकला, टाकीतली जाळीही धुतली. खर्च हजाराच्या आत. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एकच शंका. इतके दिवस पंप उपाशी चालला. डिझेल हेच त्याचं वंगण, मग आत झीज झाली असेल का? ते न उतरवता कसं कळेल?

पंप_नोझलवाला :

वा, छान काम केलंत. शंका रास्त आहे. आता लावलेला डिझेल फिल्टर काढून कापा, कागद उन्हात धरा. चांदीसारखी चमक दिसली तर पंपाने धातू सोडलाय. पण फिल्टर पंपाच्या आधी असतो, त्यात फक्त रिटर्नने टाकीत जाऊन परत आलेलाच चुरा अडकतो. त्यामुळे पंपावरचं मीटरिंग युनिटही (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) काढून बघा. त्याला नवी सील लागेल आणि जागा आधी स्वच्छ धुवा, धुळीचा कणही आत जाता कामा नये. तिथे चमक नसेल तर बिनधास्त गाडी भरा. असेल तर मात्र गाडी चालवू नका, तो चुरा सहाही इंजेक्टर खाईल.

गोदाकाठ_ट्रान्सपोर्ट :

फिल्टर कापला. कागद काळपट आहे, चमक नाही. मीटरिंग युनिटही स्वच्छ निघालं. रविवारी साखर भरून निघतोय, परतीला इगतपुरीला पोचलो की लोडमधले रेलचे आकडे इथेच टाकतो.